रोजच्या सवयी आणि आरोग्याच्या समजुती : कोणत्या पाळाव्या, कोणत्या सोडाव्या?



ऊस विकास विभागाकडून आपण लागण, खत, पाणी, खोडवा याविषयी वाचत असता. या वेळी आम्ही आरोग्यावर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. पण बांधावर उभे राहिले की उसाच्या गोष्टींबरोबर अंगाच्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टीही निघतात. "फवारून आलो साहेब, आता दूध घेतले की झाले ना?" "उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये म्हणतात, खरे का?" असे प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतात. या प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राने दिलेली आहेत. त्यांपैकी आपल्या शेतकामाशी संबंध असलेली तेवढी आम्ही येथे घेतली आहेत.

समजूत पारखावी कशी?

आधी एक उसाचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात सरीत पाणी साचले की ऊस पिवळा पडतो. पाणी निघून वाफसा आला की तो आपोआप हिरवा होऊ लागतो. पण मधल्या आठ दिवसांत कोणी एखादे महागडे टॉनिक फवारले असेल, तर सगळे श्रेय त्या बाटलीला जाते. म्हणून आम्ही नेहमी सांगतो की नवीन औषध वापरायचे तर चार सऱ्या तशाच कोऱ्या ठेवा. दोन्हींत फरक दिसला तरच औषध खरे.

माणसाच्या दुखण्याचेही तसेच असते. सर्दी-पडसे आठवड्यात आपले आपण बरे होते. साप चावलेल्यांपैकी पुष्कळांना बिनविषारी साप चावलेला असतो. काहींना विषारी साप चावूनही विष अंगात गेलेले नसते. अशी माणसे काही न करता वाचतात, आणि यश मिळते झाडपाल्याला नाहीतर मंत्राला. म्हणजे "आमच्याकडे एकाला गुण आला" एवढ्यावरून समजूत खरी ठरत नाही.

दुसरी कसोटी अशी की, समजूत खोटी निघाली तर नुकसान किती? खिशात कांदा ठेवला तर काही बिघडत नाही. पण खिशात कांदा आहे म्हणून कोणी भर दुपारी पाणी न पिता काम करत राहिला, तर तो कांदा जिवावर बेतू शकतो. खाली दिलेल्या समजुती याच दोन कसोट्यांवर पाहू.

१. "उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये"

ही समजूत घरोघर आहे. दमलेल्या माणसाने घटाघटा तांब्या रिकामा करू नये, मळमळते, एवढ्यापुरती ती ठीक आहे. पण पाणी पिणेच टाळावे याला काही आधार नाही. उन्हात काम करताना घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. ते भरून निघाले नाही तर पायात गोळे येतात, डोके दुखते, चक्कर येते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी वरचेवर प्यावे. माठातले गार पाणी चालते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी तर उत्तमच.

ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया आडोसा नसल्यामुळे दिवसभर पाणी प्यायचे टाळतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, उन्हाचा त्रासही वाढतो. ज्यांच्या फडात तोड चालू असेल त्या सभासदांनी पाण्याची आणि तात्पुरत्या आडोशाची सोय करून दिली तर हे दुखणे टळेल.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

२. "जुलाब लागले की पाणी बंद करावे"

पाणी दिले की जुलाब वाढतात असे समजून लहान मुलाचे पाणी तोडतात. याहून घातक समजूत क्वचितच असेल. जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने.

येथे आपल्या धंद्याशी संबंध येतो. आतड्याला मिठासोबत साखर मिळाली की ते पाणी चांगले शोषून घेते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे हा उपाय जगभर स्वीकारला गेला. २०२३ साली डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्रमाण पाठ करून ठेवावे : उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर चहाचे सपाट ६ चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. यापेक्षा जास्त मीठ घालू नये. आरोग्य केंद्रात तयार पुडी मिळते, ती मिळाली तर अधिक चांगले. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

३. "साखर वाईट, गूळ कितीही खावा"

कारखान्याचा माणूस साखरेचीच बाजू घेणार, असे कोणी म्हणेल. म्हणून सरळ हिशेब मांडतो. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात, साखरेत ते नसतात. हा फरक खरा आहे. पण गुळाचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. मधुमेहाच्या माणसाने चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे पथ्य झाले, असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे, दिवसाला २००० कॅलरी आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरे. उसाच्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर. उताऱ्याचा हिशेब आपणा सर्वांना येतो, त्यामुळे अधिक सांगणे न लगे. आपण ऊस पिकवतो, साखर विकतो. तरी ताटातले प्रमाण ओळखूनच ठेवावे.

"गूळ खाल्ला की छातीत गेलेली धूळ निघते" असेही म्हणतात. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला होता आणि त्यात काही फायदा दिसला होता. पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाला दिलेली हमी नव्हे. मळणीच्या वा भुश्शाच्या धुळीत काम करताना गुळाचा खडा जरूर खावा, पण तोंडाला फडके किंवा मास्क बांधूनच.

४. "जेवणावर लगेच चहा नको"

सगळ्याच समजुती खोट्या नसतात. ही खरी आहे. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह धरून ठेवतात, त्यामुळे ते अंगी लागत नाही. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यांनी तरी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. उलट पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळण्याची जी जुनी रीत आहे, ती लोह शोषले जायला मदत करते. ती चालू ठेवावी.

५. "फवारणीनंतर दूध प्याले की विष उतरते"

दुधाने कीटकनाशक उतरत नाही. फवारताना विष पोटात जाते त्यापेक्षा कातडीवाटे आणि श्वासावाटे अंगात जास्त जाते. मान, जांघ, भिजलेली पाठ यांतून ते झिरपते. पोटात दूध ओतून कातडीवरचे औषध कसे निघणार? त्यासाठी साबण लावून आंघोळ आणि वेगळे धुतलेले कपडे हाच उपाय. औषध चुकून पोटात गेले असेल तरी दूध, तेल किंवा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. त्याने श्वासनलिकेत विष जाण्याचा धोका वाढतो.

"रोज फवारतो, आता सवय झाली" हे त्याहून खोटे. ऑर्गेनोफॉस्फरस गटातील औषधांचा परिणाम शरीरात साचत जातो. काल काही झाले नाही म्हणून आज होणार नाही असे नाही, उलट आज कमी औषधाने बाधा होऊ शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

डब्यावरचा चौकोन पाहावा. त्यात लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये. फार घाम, तोंडाला लाळ, ओकारी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, दम लागणे ही या गटातील औषधाच्या बाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी डब्याचे लेबल बरोबर घेऊन रुग्णालयात जावे, कारण उपचार औषधाच्या जातीवर ठरतो. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उतारा औषधच नाही. ते पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत काढून ठेवू नये.

६. "कोयता लागला की राख, माती, नाहीतर तंबाखू दाबावी"

रक्त थांबते ते दाबामुळे, राखेमुळे नव्हे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. माती भरणे म्हणजे ते जखमेत पेरणे. जखम स्वच्छ पाणी व साबणाने धुवावी, धुतलेले कापड घट्ट दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी आरोग्य केंद्रात जावे. गंजलेल्या लोखंडानेच धनुर्वात होतो हाही समज चुकीचा आहे. चकचकीत कोयता मातीला लागलेला असला तरी धोका आहेच.

७. "कडुनिंब कडू लागला तर साप विषारी नव्हता"

ही शेवटची समजूत सर्वांत महाग आहे. फडात उंदीर असतात, म्हणून साप येतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

कडुनिंबाच्या चवीवरून विष कळत नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखतही नाही, दातांचे वण दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. तोवर पाला चघळत बसले तर वेळ हातची जाते. दंशाच्या वर दोरी करकचून आवळणे, जखम कापणे, चोखणे, मंत्रिकाकडे नेणे हे सर्व टाळावे. घोणस किंवा फुरसे चावले असता आवळलेल्या दोरीने हातपाय निकामी होण्याचा धोका असतो.

करायचे एवढेच. माणसाला धीर देऊन निजवावे, चालवू नये. मोडलेल्या हाडाला बांधतो तसा काठीचा आधार देऊन अवयव स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात. साप मारण्यात वेळ घालवू नये. थेट सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी अडत नाही. रात्री बॅटरी, पायात बूट आणि झोपायला खाट व मच्छरदाणी ठेवावी. कोपीत भुईवर निजणाऱ्या तोडणी मजुरांना हे अगत्याने सांगावे.

शेवटी एक विनंती. आजी-आजोबांच्या सगळ्याच गोष्टी टाकाऊ नाहीत, आणि सगळ्याच पाळण्यासारख्याही नाहीत. ज्या समजुतीने दवाखान्याची वाट लांबते किंवा अंगावरचे संरक्षण कमी होते, ती आधी सोडावी. हा अंक घरी वाचून झाला की आपल्या फडावरच्या टोळीच्या मुकादमाला द्यावा आणि कोपीवर मोठ्याने वाचून घ्यावा. आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे की नाही, याची चौकशी मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी.

– ऊस विकास अधिकारी