रमाबाई डोंगरे : विशीत मिळालेली ‘सरस्वती’ पदवी

१८७८ साली कलकत्त्याच्या सिनेट हॉलमध्ये विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाई डोंगरे यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. ‘पंडिता’ हे बिरुदही तिथलेच. संस्कृत शास्त्राभ्यास तेव्हा पुरुषांचीच मिरास होती.

या विद्येचे मूळ घरात होते. वडील अनंतशास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्याबद्दल अनंतशास्त्रींना उडुपीत पंडितांपुढे शास्त्राधारे उत्तर द्यावे लागले. पुढे हे कुटुंब पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात राहू लागले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांची खरी गुरू आईच. घरकामाच्या रगाड्यात दिवसा सवड नसे, म्हणून उजाडण्यापूर्वी, पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास, ती लेकीला मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घेई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ झाले ते असे, पोथी हातात न घेता.

दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुराण सांगत, बहुतेक पायीच, देशभर हिंडले. कलकत्त्याच्या सत्कारामागे ही उपाशीपोटी केलेली पायपीट होती.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची मागणी मांडली. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.