रोलर उधार, मजुरी रोख

मागच्या व्याख्यानात आपण ‘ऋण’ या कल्पनेकडे पाहिलं. आज तीच कल्पना रस्त्यावर आणू, अगदी शब्दशः. विकसनशील देशांना रस्ते बांधायला आणि त्यासाठी लागणारी यंत्रं घ्यायला परदेशातून सवलतीचं कर्ज मिळतं. ते इतकं स्वस्त असतं की नको कोण म्हणेल?

किती स्वस्त, ते आधी बघू. 1960 साली जागतिक बँकेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय विकास संघ, म्हणजे ‘आयडा’, स्थापन झाला. त्याच्या सुरुवातीच्या अटी अशा: व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क, पहिली दहा वर्षं मुद्दल फेडायचं नाही आणि एकूण मुदत 50 वर्षांची. दरसाल दहा टक्के वाढ धरली, तर 50 वर्षांनी द्यायचे शंभर रुपये म्हणजे आजचे जेमतेम 85 पैसे. याला कर्ज म्हणायचं की देणगी, असा प्रश्न पडतो. अर्थशास्त्रज्ञ तर अशा कर्जात देणगीचा अंश किती, हे टक्क्यांत मोजतातच.

पहिल्या वर्षी आयडानं चार कर्जं दिली. त्यातली तीन रस्त्यांसाठी होती: होंडुरास, चिली आणि भारत. चौथं सुदानच्या सिंचनाचं. सगळ्यांत मोठं आपलं, 6 कोटी डॉलर, महामार्गांसाठी. साल 1961. तेव्हा डॉलर 4 रुपये 76 पैशांना होता, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस कोटी रुपये. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर साडेसात रुपयांचा झाला. मुद्दलाचा पहिला हप्ता यायच्या आतच तेवढ्याच डॉलरांचे 45 कोटी झाले. पाऊण टक्क्याचं कर्ज असं आतून फुगतं.

पण चलनाची ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हाला सांगायची आहे ती दुसरी गोष्ट, आणि ती शिरोळ तालुक्यातल्या माणसाला पटकन कळेल. सोसायटीचं पीककर्ज घेताना काही भाग रोख मिळतो, काही भाग खताच्या रूपात. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. झकास. पण खताची पोती देऊन भांगलणीच्या बायकांची मजुरी भागत नाही. मग काय होतं? खत हाताशी आहे म्हणून दोन पोती जास्त पडतात आणि भांगलण मागे राहते. शेत कसं करायचं, हे कर्जाच्या रूपानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

जागतिक बँकेच्या 1944 च्या मूळ करारनाम्यात हेच आहे. कर्ज द्यायचं ते मुख्यतः परकीय चलनात होणाऱ्या खर्चासाठी; स्थानिक चलनातल्या खर्चासाठी अपवादानंच. आता रस्त्याचा खर्च डोळ्यांसमोर आणा. बुलडोझर आणि रोलर परदेशातून येणार, ते डॉलरमध्ये. माती उचलणारे, खडी फोडणारे हात इथलेच, त्यांची मजुरी रुपयांत. तीच माती बुलडोझरनं सरकवली तर पैसे पाऊण टक्क्यानं मिळतात. शंभर माणसांनी घमेल्यानं वाहिली तर पैसे आज, रोख, आपल्याच तिजोरीतून काढावे लागतात. मंत्रालयात बसलेला अधिकारी काय निवडेल? एकूण हिशेबात बुलडोझर महाग पडत असला, तरी त्याच्या टेबलावर तो स्वस्तच दिसणार. बेकार माणसांच्या देशात महाग यंत्र स्वस्त दिसायला लागतं ते असं. त्यात यंत्र बंद पडलं की सुटा भाग पुन्हा परकीय चलनातच घ्यायचा, आणि त्याला कर्ज मिळेलच असं नाही.

जागतिक बँकेलाही हा प्रश्न पडला, हे सांगायला हवं. रस्त्यांसारख्या बांधकामात यंत्राची जागा मजूर घेऊ शकतात का, याचा अभ्यास बँकेनं 1971 मध्ये हाती घेतला आणि त्याची पाहणी भारतात आणि इंडोनेशियात केली. निष्कर्ष मजेशीर आहे. जुन्या अवजारांनी आणि ढिसाळ व्यवस्थेनं काम केलं तर मजूर यंत्रापुढे टिकत नाहीत. अवजारं सुधारली, मजुरी कामाच्या मापावर दिली, देखरेख नीट ठेवली तर बऱ्याच कामांत टिकतात. म्हणजे अडचण हातांची नव्हती, हातगाडी आणि मुकादम यांची होती.

नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात उलटी दिशा धरली जात होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी शेजारच्या तासगाव तालुक्यात जो विचार करून पाहिला, त्यातून रोजगार हमी योजना आली. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं रस्त्यांच्या कामावर होती. 1977 मध्ये कायदा झाला. पैसा कुठून? 1975 पासूनच्या व्यवसाय करातून. पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे ते दोनशे रुपये पुष्कळांना नुसते टोचतात, पण त्यांचं मूळ इथे आहे. आणि नियम काय, तर निदान 60 टक्के खर्च मजुरीवर हवा. परदेशी कर्जाच्या नियमाचं हे अगदी आरशातलं रूप.

म्हणून हे रस्ते उत्तम झाले का? नाही. पुष्कळ रस्ते पहिल्या दोन पावसांत वाहून गेले. माती हातानं टाकता येते, पण तिची दबाई हातानं होत नाही. तिथे रोलर लागतोच, आणि 60 टक्क्यांच्या नियमात त्याला जागा तोकडी. एका नियमानं माणूस बाहेर ठेवला, दुसऱ्यानं रोलर. आमचा आक्षेप यंत्राला नाही. कुठे माणूस आणि कुठे रोलर हे मातीनं, पावसानं आणि गावातल्या रिकाम्या हातांनी ठरवायला हवं. इथे ते पैशाच्या स्रोतानं ठरवलं.

आता पारडं फिरलं आहे. 2014 मध्ये भारत आयडाच्या नियमित कर्जदारांतून बाहेर पडला. आता आपणच आफ्रिकेतल्या आणि शेजारच्या देशांना मुंबईच्या एक्झिम बँकेमार्फत सवलतीची कर्जं देतो, रस्त्यांसाठीसुद्धा. सर्वसाधारण अट अशी, की किमान 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. उरलेल्या पंचवीसमध्ये तिथली खडी, तिथलं पाणी आणि तिथली मजुरी बसवायची.