मौन म्हणजे नकार नव्हे

भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनच्या काळापासून ख्रिस्ती मंडळी आहे. इथल्या एका घरी संध्याकाळी पाळकसाहेब शास्त्राभ्यास घेतात. चार शुभवर्तमानांतले न जुळणारे तपशील तिथे समोरासमोर ठेवून तपासतात असे ऐकले, म्हणून मीही जाऊन बसू लागलो.

रीत साधी, पण कडक. वहीच्या जोडपानावर चार रकाने आखायचे: मत्तय, मार्क, लूक, योहान. घटना एकच घ्यायची. ज्याने जे लिहिले तेवढेच त्याच्या रकान्यात उतरवायचे. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी घालायचे नाही. रकाने भरेपर्यंत अर्थही सांगायचा नाही. हेच सर्वांत जड जाते, कारण लहानपणापासून ऐकलेल्या कथेत चौघांचे तपशील केव्हाच मिसळून गेलेले असतात.

एके दिवशी पुनरुत्थानाची सकाळ घेतली होती. कबरेपाशी मत्तयाकडे दोन मरीया, मार्ककडे सलोमेसह तिघी, लूककडे आणखीही स्त्रिया आणि योहानाकडे फक्त मग्दालीया मरीया.

“पाळकसाहेब, योहान बाकीच्यांना विसरला का?” एका मुलीने विचारले.

“पुढचं वचन वाच, बेटा.”

विसाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तीच मरीया शिष्यांशी ‘आम्हाला’ म्हणून बोलते. म्हणजे सोबत कुणीतरी असावे. योहानाने त्यांची नावे घेतली नाहीत. पण त्या नव्हत्या, असेही तो म्हणत नाही. मौन म्हणजे नकार नव्हे, हा नियम मुलीने समासात लिहून घेतला.

यहूदाच्या मृत्यूपाशी मात्र हा नियम पुरला नाही. मत्तय सांगतो, त्याने चांदीची नाणी मंदिरात फेकली आणि गळफास घेतला. त्या नाण्यांतून एक शेत याजकांनी विकत घेतले. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात शेत यहूदाच घेतो आणि पालथा पडून त्याचे पोट फुटते. फास घेतल्यावर देह खाली पडला, पैसा त्याचा म्हणून खरेदीही त्याचीच मानली, असा मेळ जुन्या काळापासून घालतात. पाळकसाहेबांनी तो लिहू दिला, पण पेन्सिलने. मजकूर शाईने, आपला तर्क पेन्सिलने, अशी त्यांची शिस्त आहे.

मग डोंगरावरील प्रवचन घेतले. त्याचा या जिल्ह्याशी धागा आहे. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोडवरूनच जातो. त्या पुस्तकातल्या याच प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मत्तयात हे प्रवचन तीन अध्यायांचे आणि डोंगरावरचे आहे. लूककडे येशू डोंगर उतरून सपाट जागी उभा राहतो, प्रवचन अवघ्या तीस वचनांचे होते आणि त्यात श्रीमंतांना चार शब्द सुनावलेले आहेत. ही सपाट जागा डोंगराच्या उतारावरचीच होती का? एकच शिकवण दोन ठिकाणी दिली का? की मत्तयाने वेगवेगळ्या प्रसंगांची वचने एकत्र केली? तिन्ही उत्तरे पेन्सिलने लिहिली गेली.

वृत्तांतांचा मेळ घालण्याचे हे काम फार जुने आहे. इ. स. १७०च्या सुमारास तातियनने चारही वृत्तांत गुंफून एकच सलग कथा रचली. सिरियातल्या मंडळ्यांनी ती कित्येक पिढ्या वाचली, पण पाचव्या शतकात तिथेही ती बाजूला सारून चार स्वतंत्र शुभवर्तमाने आणली गेली. इ. स. ४००च्या सुमारास ऑगस्टीनने चौघांचा मेळ दाखवणारा ग्रंथ लिहिला, पण मूळचे चौघे चारच ठेवले.

मला हाच निर्णय शहाणपणाचा वाटतो. चार साक्षींची एकच साक्ष केली, तर वाचणाऱ्याला तपासायला काही उरत नाही. म्हणून श्रद्धावंतांनी न जुळणारा तपशील झाकू नये आणि टीकाकारांनीही एका तपशिलावरून ग्रंथ निकालात काढू नये. दोघांनीही आधी चारही वृत्तांत शेवटपर्यंत, वेगवेगळे वाचावेत.