ध्रुव, दीड मूठ उंच

राधानगरीत डोंगर आडवा येणार नाही अशी जागा धरून रात्री उत्तरेकडं तोंड करा. हात सरळ लांब करून मूठ वळा आणि क्षितिजावर टेकवा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते. दीड मुठीवर जो मध्यम तेजाचा, एकटा वाटणारा तारा दिसेल तो ध्रुव. राधानगरीचा अक्षांश 16 अंशांच्या थोडा पुढं आणि ध्रुवाची उंचीही जवळपास तेवढीच. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये हाच तारा 53 अंशांवर, म्हणजे पाच मुठींच्याही वर असतो.

तारा किती उंच, यावरून आपण पृथ्वीवर किती उत्तरेला आहोत ते कळतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानातले नॅव्हिगेटर याच गणिताचा आधार घेत. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरमध्ये सात जण असत: वैमानिक, इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन तोफची. खाली सगळा युरोप दिवे विझवून बसलेला. नॅव्हिगेटर ताऱ्याची उंची मोजणारं सेक्स्टंट डोळ्याला लावून तारा पकडायचा. विमान हलतं, म्हणून एका नजरेवर भरवसा न ठेवता दोनेक मिनिटांच्या मोजमापाची सरासरी काढायची. अंशाचा साठावा भाग चुकला तरी नकाशावर जवळजवळ दोन किलोमीटरची चूक! शेपटीकडच्या तोफचीभोवती थंडी उणे 40 अंशांपर्यंत जाई, म्हणून त्याच्या कपड्यांत विजेच्या तारा गुंफलेल्या असत.

या विमानांशी कोल्हापूरचं थेट नातं आहे. 1940 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. पुढं जर्मनीनं सोव्हिएत रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांचं पोलिश सैन्य उभं राहिलं आणि 1942 मध्ये हे सैन्य आणि सोबतची काही कुटुंबं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथं कुटुंबांची फाटाफूट झाली. पुरुष लढाईवर गेले. त्यातल्या काही हजारांना पोलिश विमानदल आणि नौदलासाठी ब्रिटनला धाडलं. बायकामुलांसाठी आफ्रिकेत, भारतात छावण्या उघडल्या. त्यातली मोठी छावणी 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला वसली. सुमारे पाच हजार माणसं, शाळा, चर्च, नाटकं, स्काउट पथकं. राधानगरीहून निघालेली भोगावती पंचगंगेला मिळते आणि ती पंचगंगा वळिवड्यावरून पुढं जाते. शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण तेव्हा अजून पुरं व्हायचं होतं.

आता घड्याळ बघा. युद्धकाळात, 1942 पासून, भारतातली घड्याळं तासभर पुढं केली होती. ग्रीनिचला मध्यरात्र झाली की कोल्हापुरात सकाळचे साडेसहा. बाप जर्मनीवरच्या काळोखात, आणि त्याच क्षणी त्याचं लेकरू वळिवड्याच्या पहाटेत शाळेची तयारी करतंय! पत्रं यायची, पण सेन्सॉरच्या हाताखालून. कुठं गेलो, काय केलं हे त्यात लिहिता येत नसे.

पोलिश विमानदलाची 300 क्रमांकाची तुकडी आधी वेलिंग्टन आणि 1944 पासून लँकेस्टर घेऊन लिंकनशायरमधून उडत होती. त्याच वर्षी वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला तेव्हा इटलीतल्या ब्रिंडिझीहून निघालेल्या पोलिश वैमानिकांनी स्वतःच्याच जळत्या राजधानीवर शस्त्रं आणि औषधं टाकली. जाऊन-येऊन दहा-अकरा तासांचं उड्डाण! मला या युद्धात याहून हृदय पिळवटणारं काही आढळलेलं नाही. ब्रिटिश बॉम्बर दलातल्या सुमारे 1,25,000 विमानसैनिकांपैकी 55,573 मेले. शंभरातले चव्वेचाळीस.

जे वाचले त्यांच्यातले बरेच घरी फारसं बोलले नाहीत. म्हणून मुलांच्या हाती लॉगबुकच लागतं. प्रत्येक विमानसैनिकाचं वेगळं. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, आपलं काम, मोहिमेचं ठिकाण, तास आणि मिनिटं. रात्रीची मोहीम बहुधा लाल शाईत. एका ओळीत अख्खी रात्र मावते. तिच्यात भीतीचं नावही नसतं, पण लाल ओळी मोजत गेलं की बाप किती वेळा त्या काळोखात शिरला ते कळतं.

वळिवड्याची छावणी 1948 मध्ये मिटली. पोलंड सोव्हिएत पकडीत गेल्यामुळं बहुतेकांना घर उरलं नव्हतं. अनेक बायकामुलं ब्रिटनला, नवऱ्याकडं, बापाकडं गेली. छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी वसले. तेच आजचं गांधीनगर.

आपल्याकडचेही लोक या युद्धात होते. भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या तुकड्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स ही दोन माणसांची, जवळजवळ सरळ खाली झेपावणारी बॉम्बर विमानं चालवत होत्या. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं लॉगबुक, पेबुक, पदक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर तो तसाच पडू देऊ नका. फोटो काढा, फोटोच्या पाठीमागं नाव आणि साल लिहा. आणि वळिवड्याची पोलिश मुलं पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस ओळखीत असेल, तर या रविवारीच त्यांच्याकडं जाऊन बसा.