निष्फळ उपचार थांबवणे म्हणजे दयामरण नव्हे

कॅथलिक धर्मशिकवणुकीनुसार रुग्णाला काहीही करून व्हेंटिलेटरवर ठेवलेच पाहिजे, असा समज आहे. तो खरा नाही. पोप बारावे पायस यांनी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले, की बंधन फक्त साधारण उपायांचे (रुग्णावर वा कुटुंबावर असह्य भार न टाकणाऱ्या उपचारांचे) असते. निघालेल्या पाहुण्याची वाट न अडवणे वेगळे, त्याला घराबाहेर काढणे वेगळे. शेवट दोन्हीकडे मृत्यूच, मग फरक कसला, हा आक्षेप गंभीर आहे. पण व्हेंटिलेटर काढल्यावर माणूस आजाराने जातो. विषारी इंजेक्शनात मृत्यू हाच हेतू असतो आणि तेच त्याचे कारण. चर्चने नाकारले आहे ते हे दुसरे. शरीर स्वीकारत असेतोवर अन्नपाणी मात्र थांबवता येत नाही.