माइनक्राफ्टच्या मंचावर ठिणग्यांचं रिंगण

दिवाळीनंतर कुरखेड्यात रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघितलं आणि तसाच मंच माइनक्राफ्टमध्ये (जावा एडिशन) बांधायला घेतला.

देवीच्या प्रवेशाला भोवती फिरणाऱ्या ठिणग्या हव्याच होत्या!

मधोमध आर्मर स्टँड ठेवा. रिपीटवर लावलेला कमांड ब्लॉक सेकंदाला 20 वेळा चालतो. त्याच्याकडून स्टँड दर वेळी 5 अंशांनी वळवून घ्या. 3.6 सेकंदांत पूर्ण फेरा.

दुसऱ्या ब्लॉकने 'एक्झिक्यूट ॲट' वापरून स्टँडच्या तोंडासमोर 3 ब्लॉकवर 'फ्लेम' पार्टिकल सोडा. जागा सांगताना ~ नको, ^ घ्या. मी आधी ~ टाकलं होतं, ठिणग्या एकाच कोपऱ्यात उडत राहिल्या. ^ टाकताच रिंगण धरलं. काय दिसतं ते!

कुठं अडलं तर विचारा, आख्खी कमांड लिहून देतो.