असं का होतं? : वायफाय फुल्ल, तरी नेट गुल

नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. भाड्याच्या खोलीत परीक्षेचा फॉर्म भरताना मोबाइलवर वायफाय फुल्ल दिसतं, पण पानच उघडत नाही, तेव्हा जीव टांगणीला लागतो.

सिमवर चालणाऱ्या राउटरचे दुवे दोन असतात: मोबाइल ते राउटर आणि राउटर ते टॉवर. मोबाइलवरचं वायफायचं चिन्ह फक्त पहिल्याची रेंज सांगतं. घरातला नळ शाबूत असला तरी विष्णुपुरी धरणाकडून नांदेडला पाणीच सुटलं नाही, तर तो कोरडा राहणार, तसंच हे.

खात्री सोपी आहे. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. पान उघडलं तर पहिला दुवा ठीक. बिघाड पुढे आहे. आधी रिचार्ज आणि रोजचा डेटा संपला नाही ना, ते पाहा. मग राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करा, म्हणजे तो टॉवरशी नव्याने जोडला जातो.

तरीही रेंज नसेल तर जागा बदला. स्लॅबमधल्या सळया आणि छतावरचे पत्रे रेडिओलहरी अडवतात. कपाटामागचा राउटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवला, की बरेचदा तेवढ्यानेच काम भागतं. संध्याकाळीच वेग मंदावत असेल तर दोष राउटरचा नसावा. एकाच टॉवरची क्षमता तेव्हा अनेकांत वाटली जाते.